भास्कराचार्यांचे एक उत्तर : १,७६,६३,१९,०४९

कोणत्या पूर्णांकाच्या वर्गास ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पूर्ण वर्ग मिळतो, हा प्रश्न भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या 'बीजगणिता'त घातला आहे. ६० साठी उत्तर केवळ ४ (९६१ = ३१²), ६२ साठी ८ (३९६९ = ६३²). मधल्या ६१ चे लघुतम उत्तर मात्र २२,६१,५३,९८०, आणि त्याचे ज्येष्ठमूळ १,७६,६३,१९,०४९. एवढी संख्या अदमासाने हाती लागणे संभवत नाही. तिच्यामागे निश्चित रीत होती काय, हाच इतिहासकारापुढील खरा प्रश्न होय.

रीत होती, आणि ती ग्रंथातच आहे. ८² मधून ६१ वजा केल्यास क्षेप ३ उरतो. ८ मध्ये मिळविला असता बेरजेस ३ ने भाग जाईल आणि ज्याचा वर्ग ६१ च्या निकट असेल असा गुणक ७. त्यावरून ३९ आणि ५ ही मुळे व क्षेप ऋण ४ येतो. येथे चक्रवालाचे पुढील फेरे न करता आचार्य दोन्ही मुळांचे अर्ध करतात. क्षेप ऋण १ होतो. मग ब्रह्मगुप्ताची भावना लावीत गेल्यास २९,७१८ व ३,८०५ ही पूर्णांक मुळे मिळतात, क्षेप अजून ऋण १. त्यांची आपापल्याशी भावना केली की उत्तर सिद्ध. म्हणूनच ज्येष्ठमूळ हे २९,७१८ च्या वर्गाच्या दुपटीहून एकाने अधिक आहे. अपूर्णांकातून जाऊन पूर्णांकाकडे परतण्याचे हे धैर्य, आमच्या मते, मोठ्या उत्तराहून अधिक मोलाचे आहे.

तथापि चक्रवालाचे सर्व श्रेय भास्करांस देणे न्याय्य नव्हे. उदयदिवाकराच्या १०७३ च्या 'सुंदरी' टीकेत जयदेवाची चक्रवालविषयक पद्ये आहेत, ती कृ. शं. शुक्ल यांनी १९५४ मध्ये प्रकाशात आणली. शिवाय ही क्रिया नेहमीच शेवटास जाते याची उपपत्ती भास्कर देत नाहीत.

फ्रान्समध्ये फर्मा याने १६५७ साली फ्रेनिकलपुढे हेच ६१ चे उदाहरण ठेविले. असे समीकरण नेहमी सुटतेच याची सिद्धता लाग्रांज याने पुढे १७६८ मध्ये दिली. कोलब्रुकचे 'बीजगणिता'चे इंग्रजी भाषांतर १८१७ चे. तेव्हा फर्माने नेमका ६१ निवडला याचे कारण परंपरेत नव्हे, त्या अंकाच्या स्वभावातच शोधावे लागते : ६१ च्या वर्गमूळाच्या सतत अपूर्णांकाचे आवर्तन ११ पदांचे आहे, ६० चे ४ व ६२ चेही ४.

बदनापूर-जालन्याहून वायव्येस, अजिंठ्याच्या रांगेपलीकडे, चाळीसगावनजीक पाटण आहे. तेथील तेराव्या शतकारंभीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. यादव सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आपल्या आजोबांच्या, म्हणजे भास्करांच्या, ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे व निकुंभ सोइदेवाने त्यास दान दिल्याचे त्यात नमूद आहे. लेख संस्कृतात असून शेवटच्या ओळी मराठीत आहेत.