वेठीला रजा नसे

आजारी नोकराचा रोज कापावा की न कापावा, हा प्रश्न शहरातील गृहस्थाला केव्हा ना केव्हा पडतोच. परंतु तो पडण्यासाठी आधी रोज ठरलेला असावा लागतो. ज्या श्रमाला दामच नाही, त्यातून रजा ती कसली मागावयाची? डहाणू-तलासरीच्या वारली मुलखात १९४५ पर्यंत पुष्कळांची स्थिती हीच होती.

तेथे वेठ होती, आणि वेठीहून भयंकर अशी लग्नगड्याची चाल होती. वारली तरुण लग्नापुरते कर्ज जमीनदाराकडून काढी आणि त्याच्या फेडीसाठी नवराबायको दोघेही त्याच्याकडे राबत. हिशेब सावकाराच्या चोपडीत, आणि कर्जदाराला अक्षरओळख नाही. तेव्हा ते कर्ज पुष्कळदा जन्मभर फिटत नसे. आवणी आली की आधी मालकाचे शेत, मग स्वतःचे. आवणीचे दिवस हुकले म्हणजे वर्षाचे भात हुकले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या 'आधी'चा अर्थ फोडून सांगावयास नको. नाही म्हणणाऱ्याच्या वाट्याला मार येई. सायमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याने १९३८ च्या सुमारास केलेल्या चौकशीत ही गुलामगिरी नमूद झाली होती. नमूद झाली, एवढेच.

आणि हे मुंबईपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर! त्याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला होता. आठवड्याची सुटी तर त्यात होतीच. शिवाय कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, असेही एक कलम होते. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. डहाणूचे स्थानक त्याच लोहमार्गावर, पण ती बातमी गाडीतून उतरून रानात शिरली नाही.

रानात प्रथम पोचली ती किसान सभा. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने हजारो वारली जमले. ठराव साधे होते : रोख मजुरीवाचून जमीनदाराच्या शेतावर राबावयाचे नाही, आणि रोज बारा आणे. त्यात रजेचा शब्द नाही. पण बारा आणे ठरले त्या दिवशी वारल्याच्या दिवसाला प्रथमच किंमत आली, आणि किंमत आल्यावरच तो दिवस त्याचा स्वतःचा झाला. याची भरपाईही मोठी द्यावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार होऊन जेठ्या गांगड व त्याचे चार सोबती मारले गेले.

पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली, आणि त्याच साली आजारपणाचा विमा आला. दोन्ही कारखान्यांसाठी, शेतमजूर बाहेरच राहिला. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द केली. मात्र रोजंदारीवर वाडीत चिकू तोडणारा गडी तापाने निजला, तर त्या दिवसाचा रोज द्यावयाचा की नाही, हे अजून वाडीवाल्याच्याच मर्जीवर असते.