पेन्शनच्या कामातून निघालेला मेंदूचा नकाशा

दृष्टी आणि मेंदू म्हटलं की आपण थेट ह्यूबेल-वीझल यांच्या मांजरांपासून सुरुवात करतो. त्याच्या पन्नासेक वर्षं आधीचं एक काम सहसा वाचनात येत नाही.

१९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियन सैन्याकडे मोसिन-नागांत रायफली होत्या. त्यांची ७.६२ मिलिमीटरची गोळी इतकी वेगवान, की कवटीतून आरपार जाऊनही काही जण जगायचे. डोळे शाबूत, पण समोरच्या दृश्याचा एखादा तुकडाच गायब! अशा जपानी सैनिकांची दृष्टी किती गेली हे पेन्शनसाठी तपासायचं काम तात्सुजी इनोउये या तरुण नेत्रवैद्याकडे आलं.

खरं तर तेवढा आकडा दिला की काम संपलं असतं. पण इनोउयेने कवटीवरच्या दोन्ही छिद्रांची जागा मोजणारं उपकरण तयार केलं. गोळी सरळ रेषेत गेली असं धरलं, की मेंदूचा कोणता भाग फाटला याचा अंदाज येतो. (हे गृहीतक मला आधी भाबडं वाटलं होतं.) त्याशेजारी न दिसणाऱ्या भागाचा आलेख ठेवायचा. अवघ्या २९ जखमींवरून त्याला कळलं, की नजरेच्या मधोमध जे असतं त्याची नोंद मेंदूच्या अगदी मागच्या टोकाशी होते आणि जागाही भरपूर खाते.

१९०९ मध्ये हे जर्मनमध्ये छापून आलं. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्सने ब्रिटिश जखमींवर तसंच काम केलं. पाठ्यपुस्तकांत नाव राहिलं ते त्याचं. १९९१ मध्ये हॉर्टन आणि हॉइट यांनी एमआरआयने पडताळलं, तेव्हा मधल्या भागाची जागा होम्सच्या नकाशापेक्षाही मोठी निघाली.