शेजाऱ्याच्या पैशातला पूल

दर १५ ऑगस्टला इथे बहारीनमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला मी एक कोडं घालतो : आज आपल्याशिवाय आणखी कुणाचा स्वातंत्र्यदिन? बहुतेक जण चुकतात. अहो, बहारीनचाच! १५ ऑगस्ट १९७१. (राष्ट्रीय दिन मात्र इथे १६ डिसेंबरला साजरा होतो.)

इंग्रज गेले तेव्हा या चिमुकल्या देशाची पंचाईतच होती. आखाताच्या अरब किनाऱ्यावर पहिलं तेल १९३२ साली इथेच लागलं, पण साठा बेताचा. मग घर चालायचं कशावर? बऱ्याच अंशी शेजाऱ्यावर. समुद्रातल्या अबू साफा तेलक्षेत्राचं निम्मं उत्पन्न बहारीनला द्यायचं, असा करार सौदीशी १९५८ मध्येच झाला होता. तेल सौदीने काढायचं, बहारीनने हिस्सा घ्यायचा. म्हणजे पैसा आपला, पण नळाची चावी शेजाऱ्याकडे!

आणि मग तो पूल. २५ किलोमीटर, उथळ खाऱ्या पाण्यात रोवलेले खांब, नोव्हेंबर १९८६ मध्ये खुला झाला. सगळा खर्च सौदीचा. मी इंजिनियर, त्यामुळे पहिल्यांदा गेलो तेव्हा खांबच बघत बसलो. राजकारण नंतर कळलं. वीकएंडला याच पुलावरून सौदी कुटुंबं येतात, हॉटेलं, मॉल भरतात. १४ मार्च २०११ ला इथलं आंदोलन पेटलेलं असताना सौदी फौजेच्या गाड्याही याच पुलावरून आल्या, राजघराण्याच्या पाठीशी उभं राहायला.

आपणही स्वातंत्र्यानंतर मदत घेतलीच की. पण भिलाईला रशियन, राउरकेलाला जर्मन, दुर्गापूरला ब्रिटिश! एक रुसला तर दुसरा होता. बहारीनला पूल एकच, आणि तो एकाच दिशेला जातो. मला वाटतं, खरा फरक मदतीच्या रकमेत नाही, इथे आहे.

असो. २०१८ मध्ये बहारीनची तिजोरी पुन्हा अडचणीत आली. सौदी, अमिराती आणि कुवेतने १० अब्ज डॉलर कबूल केले. या वेळी मात्र अट होती : अंदाजपत्रकातली तूट मिटवून दाखवा. जानेवारी २०१९ पासून ५ टक्के व्हॅट आला, २०२२ पासून १० टक्के.

मध्यंतरी गाडीचे टायर बदलले. दुकानदार केरळचा. बिलावरच्या व्हॅटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "साब, ये मेरा नहीं है." मी म्हटलं, माहीत आहे.