ओझरची जोडणी : निफाड तालुक्यातील विमानबांधणी आणि तिची लहान रूपे

गोदाकाठचे सायखेडा हे निफाड तालुक्यातील बाजाराचे गाव असून पलीकडच्या चांदोरीशी त्याचे नाव पुलाने जितके जोडले गेले आहे तितकेच पुरानेही जोडले गेले आहे. कांदा, ऊस आणि द्राक्षे यांवर या पट्ट्याचे अर्थकारण उभे आहे, आणि नदीच्या खालच्या अंगाला असलेले नांदूर मध्यमेश्वरचे पाणथळ क्षेत्र 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून घोषित झाल्यापासून बाहेरच्या जगाला हा परिसर प्रामुख्याने पक्ष्यांसाठी ठाऊक आहे. याच तालुक्याच्या वायव्येकडील बाजूस, मुंबई-आग्रा महामार्गालगत असलेल्या ओझर येथे सुमारे सहा दशके लढाऊ जेट विमाने बांधली जात आली आहेत. पंचक्रोशीत आजही ती विमाने बांधणाऱ्या कारखान्याच्या वसाहतीला ‘ओझर मिग’ म्हणूनच ओळखले जाते. या बांधणीची सुरुवात परदेशातून खोक्यांत भरून आलेल्या सुट्या भागांपासून, म्हणजे किटपासून झाली, ही गोष्ट तिच्या इतिहासात मध्यवर्ती आहे. कारण जोडणीला दुय्यम प्रतीचे काम समजण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती ओझरच्या बाबतीत अन्यायाची ठरते.

भारतातील विमानउद्योगाचा आरंभच मुळी जोडणीतून झाला. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली, आणि तेथे पहिल्याने तयार झालेली हार्लो प्रशिक्षण विमाने अमेरिकेतून आलेल्या भागांपासून उभी केलेली होती. पुढे 1962 मध्ये, चीनशी युद्ध भडकण्यापूर्वीच, भारताने सोव्हिएत संघाकडून मिग-21 विमाने आणि ती येथे बांधण्याचा परवाना घेण्याचे ठरवले. परवाना-उत्पादन म्हणजे मूळ रचनाकाराचे आराखडे, साचे, चाचणीच्या पद्धती आणि सुरुवातीचे भाग विकत घेऊन तेच यंत्र आपल्या भूमीवर तयार करणे. या कामासाठी 1963 मध्ये एअरोनॉटिक्स इंडिया ही स्वतंत्र सरकारी कंपनी काढण्यात आली आणि 1 ऑक्टोबर 1964 रोजी ती बंगळूरच्या कंपनीत विलीन होऊन हिंदुस्थान एअरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजेच एचएएल, अस्तित्वात आली. मिगचे काम तीन राज्यांत वाटले गेले: विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापूट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. त्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि 1963 च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. त्यामुळे हा कारखाना जिल्ह्यात आणण्याचे श्रेय नाशिककर आजही त्यांनाच देतात.

ओझरला प्रथम आलेला प्रकार मिग-21एफएल हा होता, ज्याला ‘टाईप 77’ असेही म्हणत. 1966 पासून ही विमाने हवाई दलाच्या ताब्यात जाऊ लागली, परंतु ‘भारतात बांधलेले’ या शब्दप्रयोगाचा अर्थ त्या वर्षांत टप्प्याटप्प्याने बदलत गेला. पहिल्या टप्प्यात धडाचे, पंखांचे आणि शेपटीचे मोठे भाग जवळजवळ तयार स्थितीत येत आणि ओझरला ते जुळवून, तपासून, उडवून पाहिले जात. दुसऱ्या टप्प्यात हेच मोठे भाग लहान घटकांच्या रूपात येत आणि ते उभे करण्याचे काम स्थानिक कामगारांकडे जाई. त्यानंतर घटकही येथेच घडवले जाऊ लागले आणि 1970 मध्ये कच्च्या मालापासून बांधलेले मिग-21 कारखान्याबाहेर पडले. म्हणजे ओझरने विमान शेवटाकडून सुरुवातीकडे शिकले: आधी पूर्ण वस्तू कशी दिसते व कशी वागते हे हाताने जाणून घेतले, आणि मग तिच्या एकेका भागाच्या घडणीकडे मागे सरकत गेले. शेतीप्रधान तालुक्यात, जेथे याआधी विमानाचा पत्राही कुणी कापला नव्हता, तेथे हाच क्रम शहाणपणाचा होता.

या शिक्षणाचे खरे साधन म्हणजे जिग. जिग म्हणजे जमिनीत पक्की रोवलेली पोलादी चौकट, जिच्यात विमानाचा भाग ठरलेल्या बिंदूंवर अडकवून धरला जातो, जेणेकरून छिद्र पाडताना किंवा रिव्हेट मारताना तो केसभरही हलू नये. पातळ ॲल्युमिनियम मिश्रधातूचे पत्रे मोठ्या पृष्ठभागावर आपोआप सरळ राहत नाहीत. त्यांना आकार येतो तो आतल्या आडव्या कड्यांमुळे आणि उभ्या पट्ट्यांमुळे, आणि त्या कड्या परस्परांशी नेमक्या रेषेत राहतात त्या जिगमुळे. म्हणून एका विमानाचा पंख दुसऱ्या विमानाला बसला पाहिजे ही अट कारागिराच्या डोळ्यावर सोडलेली नसते, ती चौकटीत बांधून ठेवलेली असते. मिग-21 या दृष्टीने शिकाऊ कारखान्याला अनुकूल विमान होते. त्याचा त्रिकोणी पंख टोकापासून टोकापर्यंत 7.15 मीटर एवढाच रुंद होता आणि त्याचे धड मध्यावर दोन भागांत सुटे होत असे, कारण इंजिन काढायचे झाल्यास मागचा अर्धा भाग शेपटीसह ओढून वेगळा करावा लागे. नाकाच्या तोंडाशी हवा आत घेणारे गोल द्वार आणि त्यात पुढे-मागे सरकणारा शंकू होता. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने येणारी हवा या शंकूमुळे इंजिनाला मानवेल इतकी मंद होई. याच शंकूच्या पोटात रडार बसवलेले असल्याने त्याचे कवच धातूचे ठेवता येत नसे, कारण धातूतून रडारच्या लहरी जात नाहीत.

एफएल प्रकारची सुमारे दोनशे विमाने ओझरने बांधली. 1971 च्या भारत-पाकिस्तान युद्धात, डिसेंबरमध्ये, कच्छच्या आखातावर पाकिस्तानी स्टारफायटर लढाऊ विमान पाडणारे आणि ढाक्यातील गव्हर्नमेंट हाऊसवर हल्ला करणारे मिग याच प्रकारचे होते. त्यानंतर मिग-21एम आणि मिग-21बिस हे सुधारित प्रकार आले, 1980 च्या दशकात मिग-27 चे काम सुरू झाले, आणि बिस विमानांचे ‘बायसन’ रूपात नूतनीकरणही येथेच करण्यात आले. 2004 मध्ये ओझरला तयार झालेले पहिले सुखोई-30एमकेआय हवाई दलाला मिळाले. पंखांचा विस्तार मिगच्या दुपटीहून अधिक असलेल्या या विमानासाठी पुन्हा तीच पायऱ्यांची रीत, आधी किट आणि शेवटी कच्चा माल, अवलंबण्यात आली आणि अशी एकूण 222 विमाने ठरवण्यात आली. कारखान्याच्या चाचणी-उड्डाणांची किंमत तालुक्याच्या शिवारानेही मोजली आहे. 27 जून 2018 रोजी वावी-ठुशी परिसरात आणि 4 जून 2024 रोजी शिरसगाव येथे सुखोई विमाने शेतात कोसळली. दोन्ही वेळी वैमानिक सुखरूप बाहेर पडले.

मिगच्या या प्रकारांमधील भेद ज्या काटेकोरपणे प्रतिकृतीकार जपतात, तितक्या काटेकोरपणे एरवी क्वचितच कुणी त्यांची नोंद ठेवत असेल. प्रतिकृती, म्हणजे ठरावीक प्रमाणात लहान केलेले विमान, 1:72, 1:48 किंवा 1:32 अशा मापांत बांधली जाते. 1:32 या मोठ्या मापात मिगचा पंख सुमारे 22 सेंटिमीटरचा होतो, आणि त्या आकारात एखादी चूक झाकून ठेवता येत नाही. एफएलमध्ये वेगमापक नळी नाकाच्या वर मधोमध असते, तर एम आणि बिसमध्ये ती उजवीकडे सरकलेली असते. एफएलचा काचेचा घुमट पुढच्या बाजूला बिजागरी घेऊन उघडतो, एमचा उजवीकडे. एफएलच्या पंखाखाली दोन शस्त्रधारक असतात, एमच्या पंखाखाली चार. हे भेद एका शिकत्या कारखान्याच्या कारकिर्दीची आणि सोव्हिएत रचनाकारांनी केलेल्या सुधारणांची दृश्य नोंद आहेत, म्हणून ओझरचे विमान लहान रूपात बांधणाऱ्याला प्रथम कोणत्या वर्षाचे, कोणत्या प्रकारचे विमान हे ठरवावे लागते.

प्रतिकृतींच्या मोठ्या मापाच्या किटांत रेझिनचा, म्हणजे द्रवरूपात ओतून घट्ट होणाऱ्या राळेचा, वापर ज्या कारणाने होतो ते कारण कारखान्याच्या अर्थशास्त्राशी जुळणारे आहे. नेहमीचे प्लॅस्टिक किट पोलादी साच्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबाने भरून काढतात आणि तो साचा इतका महाग असतो की हजारो प्रती खपल्याशिवाय त्याचा खर्च निघत नाही. रेझिन किटसाठी मात्र एक मूळ नमुना हाताने किंवा यंत्राने घडवून त्यावर सिलिकॉन रबर ओततात, आणि तयार झालेल्या मऊ साच्यात दोन द्रवांचे मिश्रण भरतात, जे काही मिनिटांत रासायनिक क्रियेने घट्ट होते. बुडबुडे राहू नयेत म्हणून हे काम निर्वात पेटीत किंवा दाबाच्या भांड्यात केले जाते. रबराचा साचा मोजक्याच प्रती देऊन झिजतो, आणि म्हणूनच ज्यांना मोठा ग्राहकवर्ग नाही अशी विमाने, किंवा ज्यांचे बारकावे कठीण साच्यातून सुटत नाहीत असे भाग, रेझिनमध्ये निघतात.

हे किट बांधणे कष्टाचे आहे. भागांवर साच्यातील तेलकट थर उरलेला असतो, तो साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय रंग धरत नाही. प्रत्येक भागाला रेझिन ओतल्याचा ठोकळा चिकटलेला असतो, तो बारीक करवतीने कापून घासावा लागतो, आणि ही भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून ओल्या सॅंडपेपरने घासणे व मुखपट्टी लावणे आवश्यक ठरते. वाकलेला पंख गरम पाण्यात मऊ करून सपाट फळीवर दाबून सरळ करतात. प्लॅस्टिकचा चिकटद्रव रेझिनला चालत नाही, म्हणून सायनोॲक्रिलेट किंवा इपॉक्सी वापरतात, आणि जड पंख नुसत्या चिकटद्रवावर टिकत नाही म्हणून धड व पंख या दोन्हींत छिद्रे पाडून पितळी सळई घालतात. पंख दोन्ही बाजूंना सारख्या कोनात बसावेत यासाठी अनुभवी कारागीर पुठ्ठ्याची किंवा लाकडाची चौकट आधी तयार करतो. ओझरच्या पोलादी जिगचे काम येथे तीच करते. मिगचे बहुतेक वजन मुख्य चाकांच्या मागे गेल्यास प्रतिकृती शेपटीवर बसते, म्हणून नाकातील शंकूत शिशाचे वजन भरावे लागते. सर्वांत नाजूक काम सांध्यांचे: धडाचे दोन अर्धे जेथे मिळतात तेथील फट पुटी भरून पूर्ण नाहीशी करायची, पण धडाच्या मध्यावरची इंजिनासाठीची सुटी रेषा मात्र तशीच ठेवायची, कारण ती खऱ्या विमानावरही आहे. कोणता सांधा किटचा आणि कोणता विमानाचा, हे ज्याला सांगता येते त्याला विमान कळलेले असते.

परवान्याने ओझरला बांधणी दिली, रचना दिली नाही. विमान कसे घडवायचे याचे संपूर्ण ज्ञान तेथे होते, पण पंख याच आकाराचा का किंवा कडी याच जागी का, यामागचा हिशेब मॉस्कोत राहिला, आणि पाचशेहून अधिक मिग-21 बांधूनही ही दरी भरून निघाली नाही. ही मर्यादा मान्य करावी लागेल. तथापि ती ओझरच्या कामगारांची नसून कराराची आणि देशाच्या संशोधन-व्यवस्थेची होती. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदिगढ येथे मिग-21 ला हवाई दलाने निरोप दिला आणि त्यानंतर तीन आठवड्यांतच, 17 ऑक्टोबरला, ओझर येथे तेजस मार्क 1ए या विमानाच्या तिसऱ्या उत्पादन-साखळीचे उद्घाटन झाले. तिची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे. तेजसचे इंजिन अमेरिकी असले तरी रचना भारतीय आहे, आणि त्याच्या सांगाड्याच्या वजनापैकी सुमारे 45 टक्के भाग कार्बन तंतू आणि रेझिन यांच्या संमिश्राचा आहे. हे तंतूंचे थर साच्यावर एकावर एक रचून उष्णता आणि दाब देणाऱ्या बंद भट्टीत पक्के केले जातात, त्यामुळे मिगच्या पत्र्यावर ओळीने दिसणारे रिव्हेट तेजसच्या पंखावर फारसे दिसत नाहीत, आणि त्याची प्रतिकृती बांधणाऱ्याला रेषा कोरण्यापेक्षा पृष्ठभाग निर्दोष गुळगुळीत ठेवण्यावर अधिक श्रम घ्यावे लागतात.