एकहातीं घडलेलें घड्याळ

घड्याळ पुष्कळांच्या मनगटावर असतें. पण तें कोणीं केलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. कारण त्याचें उत्तर एका नांवांत देतां येत नाहीं. एकानें चाकें कापावीं, दुसऱ्यानें तबकडी करावी, तिसऱ्यानें पेटी घडवावी, अशी या धंद्यांतील श्रमविभागणी फार जुनी आहे. ती बाजूस सारून संपूर्ण घड्याळ स्वतःच्या हातांनीं घडविण्याचा हट्ट ज्यानें पुरा केला, तो कारागीर म्हणजे जॉर्ज डॅनिअल्स.

इंग्लंडांतील संडरलंड येथें १९२६ सालीं त्याचा जन्म झाला. बालपण लंडनमध्यें दारिद्र्यांत गेलें. चौदाव्या वर्षीं शाळा सुटली आणि गाद्यांच्या कारखान्यांत मजुरी सुरू झाली. पुढें सैन्यांतून परतल्यावर त्यानें घड्याळदुरुस्तीचा धंदा पत्करला व रात्रीच्या वर्गांत त्या विद्येचें शास्त्र आत्मसात केलें. पॅरिसच्या ब्रेगे या थोर घड्याळजीचीं जुनीं घड्याळें दुरुस्त करतां करतां, आपणहि अशींच कां करूं नयेत, ही ईर्षा त्याच्या मनांत जागी झाली. १९६९ सालीं त्याचें पहिलें खिशांतील घड्याळ पुरें झालें.

दैवाचा खेळ असा कीं, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जपानच्या सैको कंपनीनें क्वार्ट्झचें मनगटी घड्याळ बाजारांत आणलें. अचूकपणांत कमानीचें घड्याळ त्यापुढें फिकें पडलें आणि पुढील दोन दशकांत स्वित्झर्लंडमधील हजारों कारागिरांचें काम गेलें.

डॅनिअल्स मात्र डगमगला नाहीं. जुन्या यंत्रांतील दोष कोठें आहे, हें तो जाणून होता. कमानीची शक्ति टप्प्याटप्प्यानें सोडणारा जो भाग, ज्यास एस्केपमेंट म्हणतात, त्यांत चाकाचे दांते माणकाच्या खड्यांवर घासत सरकतात. तेथें तेल लागतें. आणि तेल जुनें होऊन घट्ट झालें कीं घड्याळाची चाल बिघडते. एकाच आंसावर दोन चाकें बसवून, सरकण्याऐवजीं ढकलून गति देण्याची युक्ति त्यानें काढली. घर्षण घटलें, तेलावरील भिस्तहि उणावली. परंतु स्विस कारखानदारांना ती पटण्यास कित्येक वर्षें लागलीं. अखेर १९९९ सालीं ओमेगा कंपनीनें तिचा स्वीकार केला.

आईल ऑफ मॅन बेटावर राहावयास गेलेल्या या वृद्ध गुरूकडे रॉजर स्मिथ नांवाचा तरुण स्वतः केलेलें घड्याळ घेऊन आला. डॅनिअल्सनें तें नापसंत केलें. आक्षेप एकच : त्यांत हाताच्या खुणा दिसत होत्या! उत्तम घड्याळ आपोआप निर्माण झाल्यासारखें दिसलें पाहिजे. स्मिथ परतला, नव्यानें आरंभ केला आणि पांचांहून अधिक वर्षें एकाच घड्याळाचे भाग पुनःपुन्हां घडवीत राहिला. तें दुसरें घड्याळ गुरूनें निरखून पाहिलें व त्यास घड्याळजी म्हणून मान्यता दिली. पुढें स्मिथनें त्याच बेटावर आपली छोटी कार्यशाळा थाटली. तेथून वर्षाकाठीं मोजकींच घड्याळें बाहेर पडतात.

डॅनिअल्स २०११ सालीं निवर्तला. वेळ पाहण्यासाठीं अशा घड्याळाची जरुरी कोणास उरलेली नाहीं, हें त्यास ठाऊक होतें. पण जी विद्या हातांतच वसते, ती ग्रंथांत लिहून टिकत नाहीं. ती घेणारा दुसरा हात लागतो. तो त्यास लाभला.