बिग बॉसच्या घरातल्या माणसांवर आपण एवढं का बोलतो? आणि ते बोलणं कुणापर्यंत पोहोचतं?

रात्रीची जेवणं झाली की जळगाव, धुळ्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वेगळीच शाळा भरते. कुणी स्क्रीनशॉट टाकतं, कुणी क्लिप टाकतं. मग सुरू होतं, "आज कोन बाहेर जाई भो?" ज्यांना आपण आयुष्यात कधी भेटलेलो नाही, अशा पंधरा-सोळा लोकांच्या भांडणावरून भाऊ-बहिणीत भांडण होतं. कॉलेजच्या ग्रुपमधून कुणी तरी लेफ्ट होतं.

सीझन संपला की सगळं शांत. दुसरा आला की परत तेच.

हा नुसता टाइमपास आहे का? बऱ्यापैकी आहे. पण या गप्पांचा एक नियम इतर गप्पांपेक्षा वेगळा असतो. ज्यांच्याबद्दल आपण बोलतो, त्यांच्याकडे फोन नसतो. त्यांना उत्तर देता येत नाही. त्यांच्या घरच्यांकडे मात्र फोन असतो. हे सगळं प्रकरण नेमकं काय आहे, ते पहिल्यापासून समजून घेऊया.

एका कॉलेजच्या मुलीचा वेबकॅम

दुसऱ्याचं घर लाइव्ह बघण्याची सवय टीव्हीच्या आधी इंटरनेटने लावली. १९९६ मध्ये अमेरिकेत जेनिफर रिंगली नावाच्या कॉलेजच्या मुलीने स्वतःच्या खोलीत वेबकॅम लावला. 'जेनीकॅम' हे त्या साइटचं नाव. ठरावीक वेळाने एक फोटो वेबवर जायचा. ती अभ्यास करतेय, झोपलीय, कधी खोली रिकामीच आहे. तरी लोक बघायचे आणि त्यावर बोलायचे. २००३ च्या शेवटी तिने हा कॅमेरा बंद केला.

तोपर्यंत टीव्हीने ही कल्पना उचलली होती. १६ सप्टेंबर १९९९ ला नेदरलँड्समध्ये 'बिग ब्रदर' सुरू झाला. जॉन डी मोल यांची ही कल्पना. नाव घेतलं जॉर्ज ऑरवेलच्या '१९८४' या कादंबरीतून, जिथे 'बिग ब्रदर' सगळ्यांवर नजर ठेवून असतो. टीव्हीवर एडिट केलेला एपिसोड आणि इंटरनेटवर दिवसभर चालणारं लाइव्ह फीड, अशी जोडी तेव्हापासूनची.

भारतात हा फॉरमॅट 'बिग बॉस' या नावाने नोव्हेंबर २००६ मध्ये हिंदीत आला. पहिल्या सीझनचा होस्ट होता अर्शद वारसी आणि विजेता राहुल रॉय.

मराठीत आला आणि जळगावची मुलगी जिंकली

मराठी सीझन सुरू झाला १५ एप्रिल २०१८ ला, कलर्स मराठीवर. होस्ट महेश मांजरेकर, घर लोणावळ्यात. २२ जुलै २०१८ ला फिनाले झाला आणि पहिली विजेती ठरली मेघा धाडे, मूळची जळगावची. पुष्कर जोग दुसरा आला.

मेघाचा खेळ आठवत असेल तर हेही आठवेल की तिच्यावरून प्रेक्षकांचे सरळ दोन गट पडले होते. एकाला ती हुशार आणि स्पष्ट बोलणारी वाटायची, दुसऱ्याला भांडखोर आणि डाव टाकणारी. माणूस एकच आणि एपिसोडही तोच. खेळ खेळायला आलेली बाई खेळ खेळते, यावर एवढी चर्चा झाली. पुरुष स्पर्धक तेच करतो तेव्हा त्याला 'मास्टरमाइंड' म्हणतात, हे पुढच्या सीझनमध्येही दिसलं.

त्यानंतर २०१९ मध्ये अमरावतीचा शिव ठाकरे जिंकला, २०२१ मध्ये विशाल निकम. चौथा सीझन २०२२ मध्ये सुरू होऊन जानेवारी २०२३ मध्ये संपला, विजेता अक्षय केळकर. पाचव्या सीझनला रितेश देशमुख होस्ट म्हणून आला. २८ जुलै ते ६ ऑक्टोबर २०२४ असे ७० दिवस तो चालला आणि बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा रीलस्टार सूरज चव्हाण जिंकला, गायक अभिजीत सावंतला मागे टाकून. "हा सिंपथीवर जिंकला" विरुद्ध "गरिबाचं पोरगं जिंकलं तर तुमच्या पोटात का दुखतं?" हा वाद फिनालेनंतरही चालू राहिला.

एपिसोड आणि लाइव्ह फीड यात फरक काय?

घरात दिवसाचे २४ तास कॅमेरे चालू असतात. आपल्याला टीव्हीवर दिसतो साधारण एक तास, त्यातही जाहिराती. म्हणजे दिवसाचे २३ तास कापलेले असतात. कुणाचं रडणं ठेवायचं, कुणाचा विनोद कापायचा, कुणाच्या चेहऱ्यावर कोणतं म्युझिक टाकायचं, हे एडिटिंगच्या टेबलवर ठरतं. हे खोटं नसतं, पण निवडलेलं असतं.

२४ तासांच्या फीडने प्रेक्षकाच्या हातात थोडी ताकद दिली. ऑगस्ट २०२१ मध्ये वूटवर आलेल्या हिंदी 'बिग बॉस ओटीटी'ने हा प्रकार भारतात मोठ्या प्रमाणावर नेला. "एपिसोडमध्ये तिचं अर्धंच वाक्य दाखवलं, हे घ्या पूर्ण," असं म्हणत लोक क्लिप टाकू लागले. म्हणजे प्रेक्षकच फॅक्टचेकर झाला.

पण याची दुसरी बाजूही आहे. लाइव्हमधून कापलेली १५ सेकंदांची क्लिप एपिसोडपेक्षाही जास्त दिशाभूल करू शकते. फॅनपेज चालवणाऱ्यालाही एडिटिंग येतंच.

अनोळखी माणूस आपला का वाटतो?

याला मानसशास्त्रात नाव आहे, पॅरासोशल नातं. म्हणजे एकतर्फी ओळख. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी टीव्ही-रेडिओच्या प्रेक्षकांबद्दल ही कल्पना मांडली. पडद्यावरचा माणूस रोज आपल्या घरात येतो, आपल्याशी बोलल्यासारखा बोलतो, म्हणून मन त्याला ओळखीच्यांच्या यादीत टाकतं. त्याला मात्र आपण माहीतच नसतो.

बिग बॉसमध्ये हे जास्त घट्ट होतं, कारण आपण त्या माणसाला उठल्यापासून झोपेपर्यंत बघतो. चहा कसा पितो, भांडी घासायला टाळाटाळ करतो का, कुणाच्या मागे काय बोलतो. एवढं तर आपल्याला आपल्या शेजाऱ्याबद्दलही माहीत नसतं.

दुसरी गोष्ट ऑनलाइनची. समोरचा दिसत नाही, आपलं नाव दिसत नाही, तेव्हा माणूस एरवी बोलणार नाही ते बोलतो. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये यावर लिहिलं होतं. ओट्यावर बसून गप्पा मारताना समोरच्याचा चेहरा पडला की आपण थांबतो. स्क्रीनवर तो चेहरा पडतच नाही.

आत बसलेल्याला काही कळत नाही

२००७ मध्ये ब्रिटनच्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये शिल्पा शेट्टीला सहस्पर्धकांकडून वंशद्वेषी वागणूक मिळाली. ४४ हजारांहून जास्त तक्रारी तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेकडे गेल्या. ब्रिटनच्या संसदेत विषय निघाला. बाहेर एवढं वादळ उठलं होतं आणि शिल्पा आत जेवण बनवत होती. इथे प्रेक्षकांच्या आवाजाने चांगलं काम केलं. नंतर शिल्पाच जिंकली.

म्हणजे प्रेक्षकांनी बोलूच नये, असं नाही. मराठीतही पाचव्या सीझनच्या पहिल्या आठवड्यात निक्की तांबोळी ज्येष्ठ अभिनेत्री वर्षा उसगांवकर यांच्याशी ज्या भाषेत बोलली, त्यावर लोक चिडले आणि वीकेंडला रितेशने तिला खडसावलं. टीका वागण्यावर होती तोपर्यंत ठीक. ती दिसण्यावर, जातीवर, आई-वडिलांवर गेली की टीका उरत नाही. आणि ते वाचतात आई-वडीलच, कारण मुलगा किंवा मुलगी आत आहे.

धुळ्याची आठवण

मेघा जिंकली तो महिना होता जुलै २०१८. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे जमावाने पाच माणसांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. कारण काय, तर मुलं पळवणारी टोळी आल्याची व्हॉट्सॲपवरची अफवा. याच काळात देशात ठिकठिकाणी अशा घटना घडल्या आणि जुलैमध्येच व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा आणली.

टीव्ही शोवरचं ट्रोलिंग आणि राईनपाड्याचं हत्याकांड एका मापाने मोजता येत नाही. पण खान्देशातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको की न भेटलेल्या माणसाबद्दल, न तपासता, "मला आलं म्हणून मी पाठवलं" हे वाक्य कुठपर्यंत जाऊ शकतं.

कायदा काय म्हणतो?

ऑनलाइन पोस्टवरून अटक करता येणारं आयटी कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. त्यामुळे "मला हा स्पर्धक आवडत नाही," "हिचा गेम फालतू आहे" हे बोलायला तुम्ही मोकळे आहात.

पण सगळंच चालतं असं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा गुन्हा आहे आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने काही बोललं किंवा केलं, तर कलम ७९ लागतं आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. अश्लील मजकूर पसरवण्यावर आयटी कायद्याचं कलम ६७ आहे.

ग्रुप ॲडमिनचं काय? मेंबरने टाकलेल्या मेसेजसाठी ॲडमिनला आपोआप दोषी धरता येत नाही, त्याचा त्यात समान हेतू दिसला पाहिजे, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं.

मग गप्पा कशा मारायच्या?

• क्लिप आली की आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते बघा. पूर्ण फीड असेल तर तपासा, नसेल तर थांबा.
• खेळावर बोला. टास्क, नॉमिनेशन, कॅप्टन्सी, दोस्ती, दगाबाजी, विषय भरपूर आहेत.
• स्पर्धकाच्या मुलांच्या, आई-वडिलांच्या प्रोफाइलवर जाऊन कमेंट करू नका. ते खेळात नाहीत.
• हॅशटॅग ट्रेंड झाला म्हणजे मत पडलं असं नाही. मत फक्त अधिकृत ॲपवर मोजलं जातं. रात्रभर शिव्या देऊन तुमचा आवडता वाचत नाही.
• तुमच्यावरच कुणी तुटून पडलं तर स्क्रीनशॉट ठेवा, रिपोर्ट करा, ब्लॉक करा. धमकी असेल तर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.

घराचा दरवाजा शेवटी उघडतोच. स्पर्धक बाहेर येतो, फोन परत मिळतो आणि तो स्वतःचं नाव सर्च करतो. त्या दोन-तीन महिन्यांत आपण लिहिलेलं सगळं तिथे त्याची वाट बघत असतं.