अफू जाळली, आणि दारात बिअर उभी

जानेवारी 1919. शांघायजवळ पुडोंगला चिनी सरकारने उरलीसुरली भारतीय अफू जाहीरपणे जाळली. हजाराहून जास्त पेट्या. माळव्याची अफू कित्येक वर्षं आपल्या मुंबई बंदरातून चीनला गेली आणि शहराच्या जुन्या श्रीमंतीत तिचा मोठा वाटा आहे, म्हणून ही तारीख आपणही लक्षात ठेवावी असं मला वाटतं.

गंमत बघा, त्याच महिन्यात अमेरिकेत दारूबंदीची घटनादुरुस्ती मंजूर झाली. यंत्रं आहेत, भांडवल आहे, पण गिऱ्हाईक गेलं! मग तिथले बिअर कारखानदार चीनला जाणार अशा बातम्या सुरू झाल्या. मिशनरी आणि दारूबंदीचं काम करणाऱ्या महिला संघटना खवळल्या. स्वतःच्या घरातून हाकललेली वस्तू दुसऱ्याच्या घरात कशी सोडता, हा त्यांचा सवाल.

आता कोणी म्हणेल, चिनी लोक पीत नव्हते का? पीत होते की! ज्वारीची, तांदळाची दारू तिथे जुनीच. परदेशी बिअरही नवी नव्हती. हार्बिनला 1900 मध्ये आणि चिंगदाओला 1903 मध्ये परदेशी मालकांचे कारखाने निघाले होते.

माझ्या मते खरी मेख करारांत होती. दुसऱ्या अफूयुद्धातल्या 1858 च्या करारांनंतर जे व्यापारनियम चीनवर लादले गेले, त्यांत परदेशी वाइन, बिअर आणि कडक दारूवर आयातकरच नव्हता. 1901 नंतर कर आला, तोही मूळ 5 टक्के. तो वाढवायचा तर परकीय सत्तांची परवानगी हवी. शिवाय करारबंदरातल्या अमेरिकन, ब्रिटिश कंपन्यांना चिनी कायदा लागूच नाही, त्यांचा न्याय त्यांच्याच देशाची कोर्टं करणार. अशा सरकारने बाटली अडवायची तरी कशी?

पुढे अमेरिकेतले बरेच कारखाने सरबतं, यीस्ट असल्या मालाकडे वळले. पण कराचा हक्क चीनला 1928 ते 1930 च्या दरम्यान, एकेका देशाशी नवा करार करत परत मिळवावा लागला.

दारू चांगली की वाईट, हा वाद चालू राहील. पण आपल्या बाजारात काय यावं, काय येऊ नये, हे ठरवायचा हक्क एकदा गेला की नैतिकतेची भाषणं कितीही करा, जकातनाक्यावर त्यांचा काही उपयोग नसतो.